ऐंशी अंशांतलं कच्चं अंडं

माझ्या टाकीत अंडी उकडायची नाहीत, असं मी प्रयोगशाळेच्या दारावर लाल रंगात दोनदा लिहून ठेवलं होतं. एकदा अक्षरांत, आणि ज्यांना अक्षरं दिसत नाहीत त्यांच्यासाठी एकदा अंड्याचं चित्र काढून वर फुली मारून. तरी त्या मंगळवारी सकाळी टाकीच्या झाकणाच्या फटीतून कांद्याची जाळी लोंबकळत होती. जाळीत दोन अंडी.

फाटकावरचा मारवाबाबा दोन महिन्यांनी गावाहून परत आला होता, हे मला त्या जाळीवरूनच कळलं.

"शिकामो, बाबा," मी म्हटलं. कितीही डोकं फिरलेलं असो, थोरल्या माणसाला आधी शिकामो म्हणायचं, मग भांडायचं, अशी मला शिकवण आहे. "गुडघा कसा आहे? आणि ही अंडी कोणाची?"

"मराहाबा, तातू," बाबानं माझं शिकामो पदरात घेतलं. "गुडघा बरा आहे. अंडी माझीच. पण तुझी टाकी बिघडलीय."

"टाकी नाही बिघडलेली, तुम्ही बिघडलाय. ती पाइप तपासायची टाकी आहे, तुमच्या नाश्त्याची चूल नाही. दारावरचं चित्र दिसत नाही का?"

"चित्र झकास आहे. मला वाटलं, अंडी इथे ठेवायची जागा दाखवलीय."

"बाबा!"

"बरं, बरं. ओरड नंतर. आधी हे बघ." त्यानं हातातलं फोडलेलं अंडं पुढे केलं. "नेहमीसारखं चहाला आधण ठेवलं तेव्हा टाकलं आणि चहा पिऊन झाल्यावर काढलं. वीस-पंचवीस मिनिटं तरी झाली असतील. हे बघ, शेंबूड."

खरंच शेंबूड होता. पांढरं नुसतं दुधाळ झालं होतं आणि पिवळं त्यात हलत होतं. मी टाकीच्या आकड्याकडे पाहिलं. लाल आकडे ठणठणीत उभे होते: ऐंशी.

माझी ओरडण्याची सगळी तयारी झाली होती, पण मी पुन्हा अंड्याकडे पाहिलं. ऐंशीच्या पाण्यात वीस मिनिटांत अंडं दगड होतं. हे बाबाला सहा वर्षं माहीत होतं, आणि त्याच्यावर ओरडून ओरडून मलाही.

ही टाकी म्हणजे आमच्या कारखान्याची इभ्रत आहे. माणूस आडवा झोपेल एवढी लांब. तिच्यात पाण्याच्या पाइपचा तुकडा दोन्ही तोंडं बंद करून सोडायचा, आत दाब भरायचा, आणि ऐंशी अंशांच्या पाण्यात एकशे पासष्ट तास ठेवायचा. टिकला तर पास. मधेच फुटला तर तो सगळा माल परत चक्कीत. यंत्रं लावणं आणि चालती ठेवणं हे माझं काम. हीटर मी बदलते, पंपाचं सील मी बदलते, पाइपची पट्टी ओढून तोडायच्या यंत्राचे जबडे मी घासते, हातोडा पाडायच्या यंत्राची पातळी मी बघते. चांगोम्बेच्या या कारखान्यात मला सत्तावीस वर्षं झाली. यंत्र आलं की खोका मी उघडते, आणि परदेशातून आलेला माणूस परत गेला की ते यंत्र खऱ्या अर्थानं चालू मी करते.

मी झाकण उचललं. वाफ आली, पण ऐंशीची वाफ तोंडावर आली की माणूस मागे सरतो. मी सरले नाही. म्हणजे साठ-बासष्टच्या वर ते पाणी नव्हतं.

सेन्सर जागेवर नव्हता.

त्या सेन्सरची जागा टाकीच्या मध्यावर, पाइपच्या अगदी शेजारी. त्याची स्टीलची पकड मोडली तेव्हा नवी येईपर्यंत मी तो जुन्या कांग्याच्या, म्हणजे आम्ही बाया कमरेला गुंडाळतो त्या कापडाच्या, सुती चिंधीनं बांधला होता, माझ्या वडिलांच्या गाठीनं. वडील टांगा बंदरात मासेमारी करायचे. त्यांची गाठ पाण्यात सुटत नाही, उलट घट्ट होते. तो सेन्सर कोणीतरी सोडवून हीटरला चिकटवून बांधला होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीनं. हीटरचं अंग तापलं की सेन्सर सांगणार ऐंशी झाले, आणि हीटर बंद. पाणी बिचारं कोमट ते कोमटच.

प्लास्टिक तपासायच्या गरम पाण्यात प्लास्टिकची पट्टी! ते काम माझं नव्हतं हे त्या पट्टीकडे बघून आंधळ्यानंही सांगितलं असतं. आणि कोणाचं होतं तेही मला कळलं, कारण तसल्या पट्ट्यांचं पाकीट प्रयोगशाळेत एकाच्याच टेबलावर असतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता. मी दर महिन्याला खऱ्या तापमापकानं टाकी पडताळते. तो तापमापक 'प्रमाणित करायला पाठवलाय' असं मला सांगितलं गेलं, आणि मी मान डोलावली होती. लाल आकड्यावर विश्वास ठेवला. बाबा दोन महिने गावी होता, म्हणून दोन महिने माझी टाकी खोटं बोलत राहिली आणि मला पत्ता नाही.

"बाबा," मी म्हटलं, "हे कोणाला सांगू नका."

"अंड्याचं?"

"अंड्याचंच."

गॉडलिसन सहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आला तेव्हा त्याला पाना कोणत्या बाजूला फिरवायचा तेही धड माहीत नव्हतं. कॉलेजात पहिला आलेला, उत्तरेकडच्या मोशी शहरातला, इस्त्रीचा शर्ट. रोज सकाळी दारातूनच "शिकामो, मावशी!" आणि मी "मराहाबा, बाळा." त्याला मी शिकवलं. पाइपच्या तोंडाला टोपी बसवताना कुठे ओढायचं, पंप आवाज कसा बदलतो, यंत्र वितळलेल्या प्लास्टिकचा धागा सोडतं तेव्हा त्याचं बारीक भोक गरम असतानाच सुती बोळ्यानं कसं पुसायचं, स्टीलची सळई कधीच घालायची नाही. त्यानं सगळं पटकन उचललं. मला तो आवडायचा, हे कबूल करायला हवं. नाहीतर एवढा राग आला नसता.

मग तो इंजिनिअर झाला. दारावर पाटी लागली. त्या दिवसापासून शिकामो बंद, आणि मावशीची 'फुंडी' झाली. आमच्याकडे फुंडी म्हणजे हातात कला असलेला माणूस. सुतार फुंडी, शिंपी फुंडी, गाडी दुरुस्त करणारा फुंडी. मला लोक चांगोम्बेभर फुंडी तातू म्हणतात आणि मला ते गोड लागतं. पण गॉडलिसन म्हणायचा तेव्हा तो शब्द बोटानं बाजूला सारल्यासारखा म्हणायचा. "फुंडी, तेवढं पुसून घे." "हे फुंडीला कळायचं नाही."

मी त्याच्या टेबलापुढे उभी राहिले.

"सेन्सर हीटरला कोणी बांधला?"

त्यानं मान वर केली नाही. "कुठला सेन्सर?"

"गॉडलिसन, तुला सेन्सर म्हणजे काय हे मी शिकवलंय. माझ्याशी पोरखेळ करू नकोस."

आता त्यानं वर पाहिलं. चेहरा पडलेला होता, पण आवाज इंजिनिअरचा. "फुंडी, तू कशाला झाकण उघडलंस? चाचणी चालू आहे."

"चाचणी? त्याला चाचणी म्हणतात? बाळांना आंघोळ घालतात तसल्या पाण्यात पाइप ठेवलायस! क्वामसांजाचा माल असाच पास केलास ना?"

त्यानं पट्ट्यांचं पाकीट खणात सारलं. क्वामसांजा हे हंदेनीकडचं डोंगरावरचं गाव. खालच्या झऱ्यापासून वरपर्यंत आमचे पाइप टाकले गेले होते, आणि पाणी सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ते फाटायला लागले होते. कारखान्यात सगळे म्हणत होते, खड्डे नीट खणले नसतील. मीही तेच म्हटलं होतं. माझ्या टाकीतून पास झालेला पाइप फाटत नाही, असं मी छाती ठोकून सांगितलं होतं, जेवणाच्या वेळी, दहा जणांसमोर. ते आठवलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"त्या मालात भंगार जास्त पडलं होतं," तो हळू म्हणाला. "ऐंशीला टिकत नव्हता. चार तुकडे फुटले. साहेब म्हणाले, बघ काहीतरी. मी काय करणार होतो?"

"नाही म्हणणार होतास."

"तुला सोपं आहे बोलायला."

"मला? मला सोपं?"

आमचा आवाज ऐकून कैजागेसाहेब स्वतःच आले. व्यवस्थापक माणूस, कधी आवाज चढवत नाही, तोंडात नुसती साखर. त्यांनी मला खुर्ची दिली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तातूबाई," ते म्हणाले, "गुरुवारी क्वामसांजाच्या पाणी समितीची माणसं येणार आहेत, बरोबर जिल्ह्याचे एक अधिकारी. त्याच मालाचा तुकडा टाकीत आहे, मागच्या गुरुवारी सकाळी ठेवलेला. तो न फुटता टिकलेला त्यांना बघू दे. मग सगळं शांत होईल. तुम्ही फक्त वहीत सही करा."

यंत्रजोडणीची वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारच्या तारखेला गॉडलिसनच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सेन्सर पुन्हा बसवला. जागा तपासली. योग्य. बसवणारी: फुंडी तातू.' पुढे सहीची जागा कोरी.

रविवारी मी कामावर नसते. हे त्या दोघांनाही माहीत होतं.

"म्हणजे सापडलं तर फुंडीनं चुकीचा बसवला," मी म्हटलं, "आणि नाही सापडलं तर इंजिनिअर हुशार."

"असं का म्हणता? तुम्ही घरच्या आहात."

"आणि सही नाही केली तर?"

साहेब हसले. "घरच्या माणसाला घराबाहेर काढायला कोणाला आवडतं?"

ती वही त्यांच्या डोक्यात घालावी असं फार वाटलं. माझी सही म्हणजे तीन उभ्या रेघा आणि खाली एक आडवी. तातू म्हणजे तिसरी, मी घरातली तिसरी, म्हणून तीन रेघा. सत्तावीस वर्षांत खोट्या ओळीपुढे त्या कधी पडल्या नव्हत्या. नोकरी गेली तरी मी कुठेतरी फुंडी असेन. पण त्या रेघा पडल्या तर मी कोणीच नसेन.

"गुरुवारी करते," मी म्हटलं. "पाहुण्यांसमोर. बरं दिसेल."

साहेबांना ते फार पटलं. गॉडलिसनला पटलं नाही. त्याला मी माहीत होते.

गुरुवारी दहा वाजता ते आले. जिल्ह्याचा अधिकारी हातात फाइल घेऊन, आणि पाणी समितीची अध्यक्ष हिदाया हातात फाटलेला पाइप घेऊन. बसमधून मांडीवर घेऊन आली होती तो. उभा फाटलेला, हातभर, कडा पातळ. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण माझ्याहून जास्त थकलेली दिसत होती. आत येताच तिनं मला ओळखदेख नसताना शिकामो म्हटलं. मी मराहाबा म्हटलं आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

गॉडलिसननं भाषण सुरू केलं. आकडे, नियम, तास. "हा बघा, त्याच मालाचा तुकडा. एकशे अडुसष्ट तास झाले. तापमान बघा, ऐंशी. दाब बघा. आमच्याकडून निघालेला पाइप निर्दोष आहे. तुमचे खड्डेच..."

"आम्ही बायांनी खणलेत ते खड्डे," हिदाया म्हणाली. "कमरेएवढे. खाली वाळू घातली, तुमच्याच कागदात लिहिलं होतं तशी. पाणी आलं त्या दिवशी आम्ही नाचलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बादल्या घेऊन खाली गेलो. आता पोरी विचारतात, नाचलीस कशाला?"

कैजागेसाहेबांनी घसा साफ केला आणि वही उघडून माझ्यापुढे धरली. "आमच्या सर्वात जुन्या फुंडी. टाकी यांच्याच हातची. तातूबाई, सही करा."

"करते. आधी मारवाबाबांना आत बोलवा."

बाबा दाराशीच उभा होता. त्यानं टोपी काढली, खिशातून एक अंडं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी ते जाळीत घातलं आणि सगळ्यांसमोर टाकीत सोडलं.

"हा काय फाजीलपणा आहे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"वीस मिनिटं," मी अधिकाऱ्याला म्हटलं. "ऐंशीच्या पाण्यात वीस मिनिटांत अंडं कसं होतं, हे तुमच्या घरी कोणालाही विचारा. तोवर चहा घ्या. आमच्याकडे आल्याचा चहा चांगला मिळतो."

गॉडलिसन मधे आला. "साहेब, हे शास्त्र नाही. अंडं हे उपकरण नाही. तापमान बघायचं तर प्रमाणित तापमापक हवा, त्याचं प्रमाणपत्र हवं..."

"तापमापक तू पाठवून दिलास," मी म्हटलं. "दुसरा आणला तर त्याचं प्रमाणपत्र मागशील. अंड्याचं माग. कोंबडीकडून आणून देते."

अधिकाऱ्यानं फाइल मिटली आणि घड्याळ बघितलं. हिदाया स्टूल ओढून टाकीसमोर बसली. ती वीस मिनिटं कोणी चहा प्यायला गेलं नाही. गॉडलिसन दोनदा दारापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. बाबा फाटक सोडून तिथेच उभा, आणि कोणी त्याला जा म्हटलं नाही.

मी जाळी वर काढली आणि अंडं हिदायाच्या हातात दिलं. "फोड, बाई. तूच फोड."

"कुठे फोडू?"

साहेबांच्या हातात वही अजून उघडीच होती. मी ती घेतली आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवली. हिदायानं टेबलाच्या कडेवर अंडं आपटलं आणि दोन्ही अंगठ्यांनी उघडलं. दुधाळ पाणी आणि अख्खं पिवळं, सगळं त्या कोऱ्या जागेवर पडलं आणि 'योग्य' या शब्दावरून ओघळलं.

"ही माझी सही," मी म्हटलं.

हिदाया त्या पानाकडे बघत राहिली. मग तिनं लाल आकड्याकडे पाहिलं, ऐंशी. मग गॉडलिसनकडे. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुला माहीत होतं, पोरा?"

अधिकाऱ्यानं स्वतः झाकण उघडायला लावलं. पांढरी पट्टी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मोबाइलवर तिचे फोटो काढले. मग मी ती कापली, सेन्सर मधोमध आणला आणि कांग्याच्या नव्या चिंधीनं वडिलांची गाठ मारली. पाणी खरोखर ऐंशीला यायला दोन तास लागले. त्याच मालाचा नवा तुकडा आत सोडला, चार वाजता दाब भरला, आणि अधिकाऱ्यानं झाकणावर कागद चिकटवून त्यावर सही केली. मला कामावरून काढायची भाषा त्या दिवसापासून कोणी केली नाही, कारण तो कागद तिथे होता.

सगळे गेल्यावर गॉडलिसन माझ्या कट्ट्यापाशी आला. शर्टाची इस्त्री मोडलेली. बराच वेळ माझे पाने नीट लावल्यासारखं करत राहिला.

"शिकामो, मावशी," तो म्हणाला.

छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी कोणाचं शिकामो रिकामं परत पाठवलेलं नाही. भांडलेल्या जावेचंही नाही. ते उत्तर जिभेवर आपोआप येतं. मी ते गिळलं.

"तो पाइप एकशे पासष्ट तास टिकू दे," मी म्हटलं. "मग देते."

तो गेला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, एकोणिसाव्या तासाला, टाकीतून धप्प असा आवाज आला आणि झाकणाखालून पाणी उसळलं. अधिकारी समोरच होता. दुपारपर्यंत क्वामसांजाचा सगळा माल परत बोलवायचं पत्र निघालं. नवे पाइप पाठवायचे, आणि ते खऱ्या ऐंशीत बसल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाहीत. मारवाबाबा फाटकावर आहे, आणि त्याची अंडीही आहेत. दारावरचं चित्र मी पुसून टाकलं.

सोमवारी गॉडलिसन पुन्हा आला. दारातूनच, पहिल्या वर्षी म्हणायचा तसं: "शिकामो, मावशी."

माझा राग तोवर थोडा निवला असेल असं त्याला वाटलं असावं. नव्हता निवला. मी शिकवलेल्या हातांनी त्यानं ती पट्टी बांधली होती. पाना कसा धरायचा हे मी शिकवलं, आणि त्याच हातानं त्यानं माझं नाव त्या वहीत लिहिलं. तिकडे डोंगरावर बाया पुन्हा बादल्या घेऊन खाली उतरत होत्या, आणि मी इथे छाती ठोकत होते.

"तुझं मराहाबा माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "ते हिदायाकडे आहे. जा, तिला शिकामो म्हण. ती देते का बघ."

क्वामसांजाची बस रोज सकाळी सहाला सुटते. तो अजून गेलेला नाही.